डोहाळजेवण, वडापाव आणि चिंचा-बोरांचा ड्रेस

तर झालं असं की नणंदेला सातवा लागला आणि घरात डोहाळजेवणाची बोलणी सुरू झाली, आणि पहिल्याच बोलण्यात तिने सांगून टाकलं की हिरवी साडी मी फक्त ओटी भरेपर्यंत नेसणार, त्यानंतर मला श्वास घेता येईल असं काहीतरी पाहिजे. मे महिना, पुण्याचं ऊन, त्यात अंगावर मोगऱ्याची वाडी आणि हातभर हिरवा चुडा, म्हणजे तिचं काही चुकत नव्हतं. सासूबाईंनी जरा नाक मुरडलं पण आपलीच लेक म्हटल्यावर सगळं चालतं, मी हेच म्हटलं असतं तर काय झालं असतं हा विषय आपण इथे घेऊया नको.

मग ऑनलाईन शोधाशोध. मॅटर्निटी ड्रेस म्हणून जे काही दिसतं ते एकतर करडं नाहीतर मळखाऊ निळं, आणि नाहीतर मग पोटावर मोठ्या अक्षरात 'बेबी लोडिंग' लिहिलेलं. ते बघूनच तिचं डोकं फिरलं, म्हणाली मी काय कॉम्प्युटर आहे का. शेवटी तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणीने इन्स्टावरचं एक लेबल पाठवलं, पुण्यातलंच, एरंडवण्यात एका जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर चालतं, आणि सगळे ड्रेस म्हणजे खाण्याच्या पदार्थांचे प्रिंट. वडापाव, मिसळ, बाकरवडी, मोदक, पापलेट. नणंदेचे डोळे चमकले कारण सध्या तिच्या डोक्यात दुसरं काहीच नसतं. लेबलचं नाव मी देत नाहीये कारण पुढे मला थोडं कुरकुरायचं पण आहे आणि ते चालवणाऱ्या मुलीने मेहनत खूप घेतलीये.

मेसेज करून वेळ घेतली आणि गेलो. दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत कपड्यांचे रॅक आणि पडदा लावून केलेली ट्रायलची जागा, आत शिलाई मशिनी आणि एक मास्तर. मालकीणबाई म्हणजे पंचविशीतली मुलगी, टेक्स्टाईलचं शिकलेली, आम्हाला लगेच ताई वगैरे म्हणून तिने नणंदेला पंख्याखाली खुर्ची दिली आणि पन्हं आणून दिलं, तिथेच अर्धी लढाई जिंकली तिने. ठरलं असं की नणंदेला सारखी उठबस नको म्हणून आधी मी घालून दाखवायचं आणि तिला आवडला तरच तिने घालायचा. म्हणजे थोडक्यात माझा झाला हँगर.

पहिला अर्थातच वडापाव. पांढरं शुभ्र पॉपलिन, त्यावर तळहाताएवढे वडापाव, शेजारी तळलेली मिरची, खाली वर्तमानपत्राचा तुकडा. रॅकवर जाम भारी दिसत होता. मी पडद्यामागून घालून बाहेर आले आणि खोलीत एकदम शांतता. मास्तर टेप घेऊन उभे होते ते वर पंख्याकडे बघायला लागले. आरशात बघितलं तर दोन वडे, बरोब्बर जिथे नको तिथे, अगदी मोजून ठेवल्यासारखे. नणंद इतकी हसली की मला भीती वाटायला लागली की हिला इथूनच हॉस्पिटलात न्यावं लागतंय.

ती मुलगी ओशाळली, म्हणाली ताई हा सॅम्पल पीस आहे, घाईत कापला. मग मास्तरांनीच टेबलावर कापड पसरून दाखवलं. मोठं चित्र असलं की कापड नुसतं बेतून चालत नाही, समोरचा भाग कापताना चित्र कुठे येतंय हे बघूनच कागदी पॅटर्न ठेवायचा, आणि दर मापाला ती जागा बदलते, मीडियमला जो वडा खांद्याजवळ येतो तो एक्सेललाही तिथेच येईल असं नाही. शिवाय वडापाव सगळे सरळ उभे, म्हणजे पुढचा, मागचा, बाह्या सगळं एकाच दिशेने कापायला लागतं, उलटसुलट ठेवून कापड वाचवता येत नाही. साध्या गुडघ्याखालच्या ए-लाईनला जिथे तीन मीटरमध्ये भागतं तिथे असल्या प्रिंटला जास्तीचं कापड जातं आणि त्याच्या चिंध्याच होतात. आणि अंब्रेला घेर तर विसराच, कारण गोल कापलं की मधले वडे सरळ राहतात आणि बाजूला जाऊन आडवे पडतात. मी लक्ष देऊन ऐकत होते कारण आत्तापर्यंत मला वाटायचं की प्रिंट म्हणजे प्रिंट, त्यात काय शिवणाऱ्याचं डोकं.

त्यावर त्या मुलीने मोबाईलवर एक फोटो दाखवला. १९३७ सालचा ड्रेस, एल्सा स्कियापारेल्ली नावाची डिझायनर, आणि त्यावरचं चित्र साल्वादोर दालीचं. पांढरा पायघोळ रेशमी ड्रेस आणि समोर स्कर्टवर एकच भलामोठा लालभडक लॉबस्टर. वॉलिस सिम्प्सनने घातला होता तो, तीच जिच्यासाठी इंग्लंडच्या राजाने गादी सोडली. आता ड्रेस फिलाडेल्फियाच्या म्युझियममध्ये आहे. तर लॉबस्टर नेमका कुठे आहे बघा, मांड्यांच्या मधोमध, आणि ते मुद्दाम केलेलं आहे. म्हणजे चावटपणा करायचा तर ठरवून करावा, सॅम्पल पीसमध्ये चुकून होऊ देऊ नये. हे शेवटचं वाक्य माझं, तिचं नाही.

तिने अजून एक सांगितलं ते मला फार आवडलं. साठच्या दशकात अमेरिकेत कॅम्पबेल सूपवाल्यांनी एक ड्रेस काढला होता, त्यावर ओळीने सुपाचे डबे छापलेले, आणि ड्रेस कागदासारख्या कापडाचा, धुवायचाच नाही, घालायचा आणि टाकून द्यायचा. एक डॉलर आणि डब्यांवरची दोन लेबलं पाठवली की घरपोच. मला वाटलं वडापावच्या ड्रेसचं पण खरं आयुष्य तेवढंच आहे. तो एका नजरेत कळतो, समोरचा 'अय्या वडापाव' म्हणतो, फोटो काढतो, संपलं. दुसऱ्यांदा त्याच माणसांसमोर तो घालून गेलात तर ते हसायचे पण नाहीत. आणि इथे तर हजारो रुपये देऊन तो कपाटात ठेवायचाय, कागदाचा पण नाही.

मिसळ मात्र मला बघताक्षणी नको झाली. लाल तर्रीचा रंग, त्यावर फरसाण, लिंबाच्या फोडी, कांदा, कोथिंबीर सगळं उधळलेलं. लांबून बघितलं तर कोणीतरी अंगावर सांडून घेतलंय असंच वाटतं. पण त्यातून छपाईचं शिकायला मिळालं. स्क्रीन प्रिंटला प्रत्येक रंगाची वेगळी स्क्रीन, म्हणजे जाळीची चौकट लागते, आणि मिसळीत किती रंग आहेत मोजा, त्यामुळे असे थोडेच पीस काढणारे बरेच जण डिजिटल छापतात, म्हणजे शाईचा प्रिंटर थेट कापडावर. कॉटनवर ते पक्कं करायला नंतर वाफवून धुवायला लागतं. डिजिटलची ओळख म्हणजे कापड उलटं करा, मागची बाजू फिकी असते कारण शाई आरपार जात नाही, आणि घेर वाऱ्याने उलटला किंवा ओढणीसारखं काही असलं की ती फिकी बाजू दिसते. ऑनलाईन जे स्वस्तातले पिझ्झा-बर्गरवाले ड्रेस मिळतात ते बहुतेक पॉलिस्टर असतात, कारण सब्लिमेशन नावाची छपाई पॉलिस्टरवरच नीट चढते, रंग अगदी झगझगीत येतात पण मे महिन्यात घातला तर माणूस आतल्या आत उकडून निघतो. मी रुमाल ओला करून मिसळीवर घासून बघितला, ही माझ्या आईची सवय, लक्ष्मी रोडवर पण ती दुकानदारासमोर हेच करते. रुमालाला गुलाबी झाक आली. मुलगी म्हणाली गडद लाल पहिल्या एक-दोन धुण्यात थोडा सोडतोच. असेल. पण मग विकायच्या आधी धुऊन घ्या ना बाई, गिऱ्हाईकाच्या पांढऱ्या परकरावर कशाला प्रयोग.

बाकरवडी आली आणि मी स्वतःच पाघळले. फिक्कट बदामी जमिनीवर छोट्या छोट्या तपकिरी चकत्या, आतली गोल गोल वळणं बारीक रेघेत काढलेली. चार पावलांवरून नुसती गोल बुट्टी वाटते, जवळ आल्यावर खसखस आणि तीळ दिसतात. वर-खाली काही नाही त्यामुळे कसंही कापा, घेरदार शिवा, काही बिघडत नाही. फक्त कापड रेयॉन होतं, अंगाला चिकटत होतं, आणि रेयॉन धुतल्यावर आटतं ते वेगळंच. मी विचारलं हेच केम्ब्रिकमध्ये, म्हणजे पातळ सुती कापडात मिळेल का, तर म्हणाली पुढच्या लॉटमध्ये देते. ते मी डोक्यात ठेवलं.

मग मोदक. मरून रंगावर पांढरे उकडीचे मोदक. हा नणंदेने मला घालूच दिला नाही, स्वतः उठली आणि घालून आली, आणि योगायोग असा की एक मोदक बरोब्बर पोटाच्या टोकावर, कळ्या पण अगदी बेंबीभोवती पसरलेल्या. मास्तर पण हसले या वेळी. ती म्हणाली हाच घेते, आत बाप्पाच आहे. लगेच व्हिडिओ कॉल लावला आईला. सासूबाईंनी पुढून बघितलं, कौतुक केलं, मग म्हणाल्या जरा वळ. ती वळली. आणि पलीकडून आवाज आला, अगं बसताना मोदकांवर बसणार का तू?

आता यावर काय बोलणार. सगळे गप्प. नणंदेने वाद घालायचा प्रयत्न केला की आई हे कापड आहे, पण आवाजात जोर नव्हता, कारण एकदा ते डोक्यात बसलं की बसलं. मजा म्हणजे ती मुलगी अजिबात रागावली नाही, म्हणाली आजी-मावशी लोकांकडून हे आधीपण ऐकलंय, म्हणून पुढच्या वेळी मोदक फक्त बाह्यांना आणि वरच्या योकला, म्हणजे खांद्याखालच्या पट्टीला घेणार, खालचा घेर नुसता मरून. मला वाटतं हे कुठल्या डिझाईन कॉलेजात शिकवत नसतील. वडापाववर बसलेलं चालतं, मोदकावर नाही, हा फरक आपल्याकडे कुणालाच समजावून सांगावा लागत नाही.

पापलेटचा तर घरगुती प्रश्नच झाला. गडद निळ्यावर रुपेरी पापलेटं, फार देखणा होता, सगळ्यात सुंदर म्हणाल तर तोच. नणंदेचा नवरा मालवणचा, त्याला फोटो पाठवल्यावर त्याने लगेच बदामाचे इमोजी पाठवले आणि म्हणाला याचा शर्ट मिळतो का विचार. हिने म्हटलं बारशाला घालीन. सासूबाई अजून कॉलवरच होत्या, त्या म्हणाल्या बारसं श्रावणात येतंय. विषय बंद.

आणि मग रॅकच्या अगदी कोपऱ्यात, मुलीने आम्हाला दाखवला पण नव्हता, असा एक मलमलचा तुकडा लटकत होता. ड्रेस नव्हता, नुसतं कापड. फिकट पोपटी, त्यावर बारीक प्रिंट. मी आधी ते कोयरीचं साधं कापड समजून पुढे सरकवलं होतं. नणंदेने हातात घेतलं आणि ओरडलीच, वहिनी या कैऱ्या आहेत! खरंच कैऱ्या, उभ्या चिरलेल्या, मधे कोय, आणि वर तिखट-मिठाचे लाल-पांढरे ठिपके. कैरीच्या मधे मधे चिंचेची आकडी, टपोरी बोरं, आवळे. शाळेच्या फाटकाबाहेर टोपलीत जे जे मिळायचं ते सगळं. आपली साड्यांवरची कोयरी आणि चिरलेली कैरी यांचा आकार इतका मिळताजुळता की त्या मुलीने तेवढ्याच साम्यावर सगळं चित्र उभं केलेलं. तोंडाला पाणी सुटलं ते वेगळंच, आणि सातव्या महिन्यातल्या बाईला चिंचा-कैऱ्या म्हणजे तर ठरवून केल्यासारखं, पण मुलगी म्हणाली तिने तो विचारच केला नव्हता, हे प्रिंट फारसं कोणी उचलत नाही कारण फोटोत ते साधं फुलाफुलांचं वाटतं.

झालं, ठरलं. मलमल पारदर्शक म्हणून आतून पातळ सुती अस्तर. छातीखाली जोड देऊन तिथून चुण्या, मागे नाडी म्हणजे पोट वाढेल तशी सैल करता येते, दोन्ही बाजूला खिसे, आणि शिवणीत भरपूर माया ठेवायची. मी मास्तरांना सांगितलं की पुढचा भाग मागच्यापेक्षा लांब कापा, कारण पोटामुळे समोरून ड्रेस वर उचलला जातो आणि मागून लोंबतो. मास्तर हो हो म्हणाले. कापड आधी पाण्यातून काढा हे पण सांगितलं, सुती कापड पहिल्या धुण्यात तीन-चार टक्के सहज आटतं, चव्वेचाळीस इंच लांबीत दीड इंच गेला म्हणजे गेला.

आता कुरकुर. फिटिंगला बोलावलं तेव्हा पुढचा घोळ मागच्यापेक्षा दोन बोटं वरच होता, म्हणजे मास्तरांचं हो हो कुठे गेलं देव जाणे. मुंढा म्हणजे बाहीचा जोड काखेत काचत होता, हात वर केला की अख्खा ड्रेस वर. आणि खिसे इतके खाली लावलेले की हात घालायला वाकायला लागत होतं, सातव्या महिन्यात! वर मुलगी म्हणते ताई प्रिंट कटू नये म्हणून खाली घेतले. अहो बाई, बोरं मधे कापली गेली तरी चालतील, हात पोचला पाहिजे. मी जरा चढ्या आवाजात बोलले असेन. पण मास्तरांनी एकही शब्द न बोलता तिथल्या तिथे उसवायला घेतलं, मुंढ्याखाली वेगळा तुकडा जोडला, आणि घोळाला उरलेल्या कापडाची झालर लावून पुढची बाजू लांब केली. ती झालर मूळ डिझाईनमध्ये नव्हतीच आणि आता सगळ्यात छान तीच दिसते. मिळाला मात्र ऐन आदल्या दिवशी संध्याकाळी, तोपर्यंत सासूबाईंनी पर्यायी गाऊन इस्त्री करून ठेवला होता.

डोहाळजेवणाचं काय सांगू, जसं असतं तसंच. ओटी, वाडी, झोपाळा, डोहाळ्यांची गाणी, वाटीखाली पेढा का बर्फी, तिने पेढा उचलला आणि सगळ्या बायका एकदम ओरडल्या. मग ती आत जाऊन ड्रेस बदलून आली. आत्याबाई म्हणाल्या, कोयरी सुरेख आहे गं, कुठून आणलंस कापड? तिने काहीच सांगितलं नाही, नुसती हसली. जेवणाची पानं वाढेपर्यंत कोणालाच कळलं नाही. मग नणंदेच्या मांडीशी खेळणाऱ्या एका पोरीने बोट ठेवून मोठ्याने सांगितलं की ही बोरं आहेत. आणि त्यानंतर जो काही गोंधळ झाला, सगळ्या बायका तिच्याभोवती, कोणी चिंच शोधतंय, कोणी चष्मा मागतंय, आत्याबाई झालर हातात धरून म्हणतायत इथे आवळा आहे बघ. कोणाला तिखट-मिठाचे ठिपके आधी सापडले यावरून वाद. त्या आपसात शाळेबाहेरच्या टोपलीवाल्या बाईंवर कधी घसरल्या कळलंच नाही, मग जेवणं तासभर लांबली. त्या दिवशी भाव सगळा ड्रेसने खाल्ला. तो वडापाव असता तर दारातच संपला असता.

सासूबाई मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या, याचा गाऊन शिवून मिळेल का. मी म्हटलं बसायला चालेल का कैऱ्यांवर. म्हणाल्या त्याला काय होतंय, त्याचा नैवेद्य थोडाच दाखवतो आपण.

तीन हजारांच्या आतबाहेर पडला, फिटिंगच्या डोकेदुखीसकट. महाग आहे, पण थोड्या मीटरची डिजिटल छपाई, अस्तर आणि हाताशी एकच मास्तर हे बघितल्यावर मला तितकं लागलं नाही. आमटीचा डाग पडला त्यावर कोणीतरी घाईने साबण चोळला आणि डाग लालभडक झाला, सगळ्या घाबरल्या, पण हळदीचं तसंच असतं, साबणाने लाल होते आणि उन्हात उडून जाते. गच्चीवर उलटा करून वाळत घातला, डाग गेला. रंग पण सोडला नाही, हे नमूद करते. आता बाळ झालं की मास्तर नाडी काढून बाजूच्या शिवणी आत घेणार आणि पुढे छातीच्या जोडात दोन चेन लावून देणार दूध पाजायला, तेवढं मी आधीच पैसे न देता कबूल करून घेतलंय. माझी बाकरवडी केम्ब्रिकमध्ये कापायला गेलीये. खिसे कुठे पाहिजेत ते मी या वेळी खडूने स्वतःच आखून आलेय.